साखरेवाचून मीठ आणि पाणी : सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबाच्या कामासाठी मी सकाळपासून उभा होतो. वर तापलेला पत्रा, खाली यंत्रमागांची धडधड आणि सूत तुटू नये म्हणून दमट ठेवलेली हवा अशा त्या जागेत मी दुपारी चारपर्यंत तीन बाटल्या साधे पाणी प्यायलो होतो. तरीही पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सुताच्या गाठोड्यावर बसलो. कारखान्यातल्या मंडळींनी मायेने संत्र्याच्या चवीच्या पेयाची दोन खोकी आणून दिली. त्यांच्या वेष्टनावरचे नाव औषधासारखे वाटत होते, म्हणून मी ती दोन्ही रिकामी केली. अकरा वर्षांपासून मधुमेह असलेल्या माणसाने वेष्टनाची मागची बाजू वाचायला हवी होती, ती मी वाचली नाही. रात्री घरी रक्तशर्करा ३१२ भरली आणि तहान आधीपेक्षा वाढलेली होती.

या वाढलेल्या तहानेचे कारण सरळ आहे. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात आणि साखर बाहेर पडताना आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणजे पाणी भरून काढण्यासाठी घेतलेले गोड पेय मधुमेही माणसाच्या शरीरातून पाणीच काढून घेऊ शकते. त्या दिवशी मला हवे होते ते घामातून गेलेले मीठ. ते कसे, किती आणि कशातून घ्यावे, हे नंतर डॉक्टरांना विचारून आणि स्वयंपाकघरात मोजमाप करून मी जे ठरवले, ते पुढे देत आहे. मधुमेह नसलेल्या पण गोड पेयांपासून दूर राहू इच्छिणाऱ्या लोकांनाही ते उपयोगी पडेल.

आधी चमचा मोजून घ्यावा

आपल्याकडे मीठ चिमटीने किंवा अंदाजाने पडते. स्वयंपाकात ते चालते, कारण चव लगेच सांगते. पाण्यात मात्र चव फसवते, कारण लिंबाच्या आंबटपणाखाली आणि जिऱ्याच्या वासाखाली बरेच मीठ लपते. म्हणून घरातला एकच चहाचा चमचा या कामासाठी वेगळा काढावा, त्यात मीठ भरून वरचा उंचवटा सुरीच्या पाठीने सपाट करावा आणि असे दहा चमचे एका वाटीत घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील काट्यावर तोलावेत. बारीक मिठाचा एक सपाट चमचा साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतो. खडे मीठ खड्याच्या आकाराप्रमाणे कमीजास्त भरते, म्हणून पेयासाठी ते वापरू नये किंवा आधी कुटून घ्यावे. आमच्या दुकानदाराला हा उद्योग विचित्र वाटला. पुढच्या आठवड्यात त्यानेही स्वतःच्या घरचा चमचा तोलला.

मिठाच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के सोडियम असते. म्हणजे १ ग्रॅम मिठातून जवळजवळ ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळते आणि सपाट चमच्याचा चौथा हिस्सा घेतला, तर साधारण साडेपाचशे मिलिग्रॅम. पुढची सगळी मापे या पाव चमच्यावर बसवलेली आहेत.

सैंधव आणि पादेलोण यांच्याबद्दल बरेच काही ऐकू येते. दोन्हींत मुख्यतः साध्या मिठातलेच सोडियम क्लोराइड असते, त्यामुळे सोडियमच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. पादेलोणाचा वास ताकाला शोभतो, एवढ्यासाठी ते जरूर घालावे. आयोडीन मात्र आयोडीनयुक्त मिठातूनच मिळते, म्हणून घरातले सगळेच मीठ सैंधवाने बदलू नये. ‘कमी सोडियम’ असे लिहिलेल्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. ते या कामाचे नाही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना तर धोक्याचे ठरू शकते.

किती लागते, ते कसे ओळखावे

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, अशी आहे आणि तीत भाजी, आमटी, लोणचे, पापड, चटणी हे सगळे आले. सरासरी भारतीय माणूस याहून जास्त मीठ खातो. आपल्या शेंगाच्या चटणीतले आणि ठेच्यातले मीठ मोजले, तर सोलापूरकर या बाबतीत मागे असेल असे वाटत नाही. म्हणून पहिला नियम असा की जो दिवसभर पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसून काम करतो, दोन वेळा पोटभर जेवतो आणि ज्याचा सदरा भिजत नाही, त्याला वेगळे मीठ घेण्याची गरज नाही. त्याला पाणी पुरेसे आहे. उन्हाळा आला म्हणून कार्यालयात बसून खारे सरबत पीत राहणे म्हणजे रक्तदाबाला आमंत्रण देणे होय.

प्रश्न आहे तो ज्यांचा घाम तासन्तास निथळतो त्यांचा, म्हणजे मागावरचे कामगार, बांधकामावरचे गवंडी, रिक्षाचालक, शेतात खुरपणारे आणि भर उन्हात माल पोचवणारे यांचा. एक लिटर घामातून माणसागणिक अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत सोडियम जाते. ज्याच्या गडद कपड्यावर वाळल्यानंतर पांढरे डाग उमटतात, त्याच्या घामात मीठ जास्त असते असे धरायला हरकत नाही.

घाम किती गेला हे वजनाच्या काट्यावर कळते. कामाला जाण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांवर वजन करावे, परत आल्यावर अंग पुसून त्याच कपड्यांच्या बेताने पुन्हा करावे आणि मधल्या वेळात किती प्यायलो ते लक्षात ठेवावे. उदाहरणार्थ, सकाळी ६८ किलो, संध्याकाळी ६७.२ किलो आणि मध्ये दीड लिटर पाणी प्यायले असेल, तर शरीराबाहेर गेलेले पाणी सुमारे २.३ लिटर होते. यात लघवीचा भागही आहे आणि खाण्याचे वजन मिसळते, म्हणून हा आकडा ढोबळ समजावा. मात्र एखादा आठवडा असे मोजले की आपल्या कामाला आणि आपल्या अंगाला किती घाम येतो याचा अंदाज पक्का बसतो आणि पुढे काट्याची गरज राहत नाही.

मी स्वतःपुरता ठेवलेला हिशेब असा आहे : पहिल्या लिटरभर घामाची भरपाई नेहमीच्या जेवणातील मीठ करते, त्यापुढच्या प्रत्येक लिटरमागे एक लिटर मिठाचे पेय घ्यायचे आणि उरलेली तहान साध्या पाण्याने भागवायची. २.३ लिटर घाम गेला, तर सव्वा लिटरच्या आसपास मिठाचे पेय पुरते. घामातून गेलेला सोडियमचा कण न् कण त्याच दिवशी पेयातूनच परत मिळाला पाहिजे, असा आग्रह धरू नये. रात्रीच्या जेवणातील आमटी आणि चटणी आपले काम करत असतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घामात मीठ जास्त जाते. रोज उन्हात काम होऊ लागले की आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर सरावते, घामाच्या ग्रंथी मीठ आतच राखू लागतात आणि घाम पातळ होतो. म्हणून मार्चअखेरीस पहिल्यांदा पारा चढतो ते दिवस आणि पुण्या-मुंबईत वातानुकूलित जागी राहणारा मुलगा सुट्टीवर येऊन एकदम शेतावर जातो तो पहिला आठवडा, हे दोन्ही जास्त जपण्याचे असतात.

घरातली पेये

लिंबू-मिठाचे पाणी सर्वांत सोपे. एक लिटर पाण्यात पाव सपाट चमचा मीठ आणि दोन मध्यम लिंबांचा रस घालावा, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकावी. साखर घातली नाही तर हे सरबत बेचव लागेल अशी समजूत असते आणि पहिले दोन दिवस ते खरेच तसे लागते. आल्याचा कीस, ठेचलेला पुदिना किंवा चिमूटभर पादेलोण घातल्यास जिभेला साखरेची उणीव कमी भासते. पादेलोण घातले तर तेवढे साधे मीठ कमी करावे. दोन लिंबांच्या रसात नैसर्गिक साखर दीड-दोन ग्रॅमच असते, तिचा विचार करण्याची गरज नाही. बाटली कामावर न्यायची असेल, तर ती काचेची, स्टीलची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची असावी. तांब्याच्या अथवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात लिंबू किंवा ताक ठेवू नये, कारण आंबट पदार्थात धातू उतरतो आणि मळमळ, उलटी होऊ शकते. तांब्याच्या बाटलीची आवड ज्यांना आहे, त्यांनी तिच्यात साधे पाणीच भरावे.

ताकाला मात्र तोड नाही. एक वाटी दह्यात तीन-चार वाट्या पाणी घालून घुसळावे, लोणी काढून घ्यावे, लिटरभर ताकाला पाव चमच्यापासून एक तृतीयांश चमच्यापर्यंत मीठ, जिरे, कोथिंबीर आणि सोसत असल्यास हिरवी मिरची वाटून लावावी. दह्यात दुधाची साखर शंभर ग्रॅमला चार-पाच ग्रॅम असते. पातळ ताकाच्या एका पेल्यात ती दोन ग्रॅमच्या आसपास उतरते. लस्सीचा पेला आणि ताकाचा पेला एकाच दह्यापासून होतात, पण त्या दोघांची वाट वेगळी होते ती दुकानदाराच्या साखरेच्या डावाने. मे महिन्यात सकाळचे ताक दुपारपर्यंत चांगलेच आंबते, म्हणून कामावर नेताना ते थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीत न्यावे.

आपल्या भागाची खरी देणगी म्हणजे ज्वारीची आंबील. कन्नड घरांत आणि शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरांतही ती अंबली म्हणून ओळखीची आहे. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम ज्वारीचे पीठ अर्धी वाटी ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी पाऊण लिटर पाणी उकळून त्यात हे पीठ धार धरून सोडावे, गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळावे आणि कच्चा वास जाईपर्यंत आठ-दहा मिनिटे शिजू द्यावे. निवल्यावर वाटीभर ताक, पाव चमच्याहून किंचित जास्त मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरे घालावे. उन्हाळ्यात पीठ एका रात्रीपेक्षा जास्त आंबवू नये. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर चव अधिक चांगली येते, पण कोणतीही ज्वारी चालते. या लिटरभर आंबिलीत १४-१५ ग्रॅम पिष्ट असते. मधुमेही माणसाने ते जेवणातल्या भाकरीतून वजा करावे, म्हणजे मध्यम भाकरीचा तिसरा-चौथा हिस्सा कमी खावा. साखर न घालता पोटात थोडा आधार हवा असेल, तर कारखान्यात सकाळच्या पाळीला जाणाऱ्याने आंबिलीसारखे दुसरे काही शोधू नये.

संध्याकाळी घरी आल्यावर गरम सार घ्यावे. चिंचेचे सार, टोमॅटोचे सार, शिजवलेल्या तूरडाळीच्या वरच्या पाण्याचा कट किंवा पूर्व भागातला चारू यांपैकी काहीही चालेल, मात्र आपल्या सवयीने पडणारा गुळाचा खडा त्यात टाकू नये. गूळ ही साखरच आहे. तो सेंद्रिय असला, उसाच्या गुऱ्हाळातून समोर पाहून आणलेला असला, तरीही रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. मधाचेही तेच. हुलग्याच्या माडग्यातही गूळ घालण्याची पद्धत काही घरांत आहे, पण मीठ, जिरे आणि लसूण घालून केलेले माडगे अधिक खमंग लागते असे माझे मत आहे आणि घरात त्यावर अजून एकमत झालेले नाही.

काकडीच्या फोडींना मीठ लावून खाणे हाही पाणी आणि सोडियम एकत्र घेण्याचा उत्तम मार्ग आहे. काकडी जवळजवळ ९५ टक्के पाणीच असते. कलिंगडातही पाणी भरपूर असते, पण त्याच्यासोबत शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम साखर येते. म्हणून मधुमेही माणसाने दोन फोडींवर थांबावे.

कसे प्यावे

मिठाचे पाणी एकदम पोटात ओतून उपयोग नसतो. उन्हात किंवा पत्र्याखाली काम चालू असताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर, असा बेत ठेवावा आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर काढू शकतात. त्याहून जास्त साधे पाणी तासामागून तास पीत गेल्यास आणि घामातून मीठ जातच राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. मग डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते आणि प्रकरण वाढल्यास झटकेही येऊ शकतात. याची लक्षणे ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि घरातली माणसे आणखी पाणी पाजतात, हा त्यातला खरा धोका.

लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. ती गडद असेल, थोडी होत असेल किंवा उन्हाळी लागली असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही किंवा सोबत ताप आला, तर ती उन्हाळी नसून मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, तेव्हा डॉक्टरांकडे जावे. लघवी दिवसभर पाण्यासारखी पांढरीशुभ्र होत असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त होते आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्यांची लघवी गोळीमुळेच हळदीसारखी पिवळी दिसते, त्यांनी रंगावर विसंबू नये. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, म्हणून आई-वडिलांना ‘पाणी हवे का’ असे विचारण्याऐवजी पेला भरून हातात द्यावा.

शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे बहुतेक घरांत ते साठवलेले असते. मिठाच्या पेयासाठी उकळून निववलेले किंवा गाळणी यंत्रातून आलेले पाणी वापरावे. पोटाला बाधले, तर एवढा सगळा हिशेब जुलाबात वाहून जायचा. बोअरचे पाणी मचूळ लागते म्हणून त्यात सोडियम पुरेसे असेल असे काहींना वाटते. तो मचूळपणा बराचसा कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो, त्याला मिठाच्या जागी धरू नये.

बाहेर असताना

चौकातल्या सोडावाल्याला ‘साखर नको, नुसते मीठ-लिंबू’ असे सांगितले की तो तसे देतो, फक्त मिठाचा हात आवरायला सांगावे लागते. रसवंतीसमोरून जाताना मनाला आवर घालावा. उसाच्या रसाच्या एका मध्यम पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम जवळजवळ नसतेच. तीनशे मिलिलिटरच्या कोलाचीही हीच गोष्ट. डाळिंब आपल्या सांगोल्याचे, अभिमानाचे आणि पोटॅशियमने भरलेले असले, तरी त्याचा रस हा घामावरचा उपाय नाही. दाणे चावून खावेत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, म्हणून ते प्यायचे तर सोबत मीठ लावलेली काकडी किंवा खारे शेंगदाणे खावेत. मूत्रपिंडाच्या रुग्णाने शहाळे विचारल्याशिवाय घेऊ नये.

कामाच्या ठिकाणी येणारा चहा हिशेबात धरायला लोक विसरतात. एका कपात दोन चमचे साखर पडली, तर ८ ते १० ग्रॅम होते आणि दिवसाला पाच कप झाले की ती ४० ते ५० ग्रॅमपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी असे म्हणते. चहातून पाणी मिळते हे खरे, म्हणून चहा सोडण्यापेक्षा त्यातली साखर सोडावी.

दुकानातून विकत घेण्याच्या पावडरी आणि विरघळणाऱ्या गोळ्या घ्यायच्या असतील, तर वेष्टनाची मागची बाजू वाचावी. तेथे दोन आकडे पाहावेत : सोडियम किती मिलिग्रॅम आणि ‘अ‍ॅडेड शुगर’ किती ग्रॅम. लिटरभर पाण्यामागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असेल आणि साखर शून्य असेल, तर ते आपल्या पाव चमच्याच्या बरोबरीचे झाले. घटकांच्या यादीत डेक्स्ट्रोज, सुक्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप अशी नावे दिसली, तर ती साखरेचीच भावंडे समजावीत. ‘ओआरएस’, म्हणजे जुलाबात पाजायचे मीठ-ग्लुकोजचे द्रावण, ही अक्षरे नावात मिरवणारी गोड पेये बाजारात अनेक वर्षे होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांना ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. माझ्या त्या दोन खोक्यांच्या वेळी ही मनाई नव्हती, पण मागच्या बाजूला साखरेचा आकडा तेव्हाही छापलेला होता.

साखर टाळू नये असे प्रसंग

येथपर्यंत साखरेला बाहेर ठेवले. दोन प्रसंगी मात्र तिला दारातून आत घ्यावेच लागते.

पहिला प्रसंग जुलाबाचा. आतड्याच्या आवरणात सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी एक वाट आहे, जुलाबातही ती बहुधा शाबूत राहते आणि त्या जोडीमागून पाणी आत शिरते. येथे साखर चवीसाठी नसून मीठ-पाण्याला आत नेणारी वाहक असते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण तोंडावाटे पाजून असंख्य जीव वाचवले. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावरची आहे. एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. मधुमेही रुग्णांनीही तिला भिऊ नये. लिटरभर द्रावणातील १३.५ ग्रॅम ग्लुकोज हे कोलाच्या एका लहान बाटलीतल्या साखरेच्या निम्म्याहूनही कमी आहे. साखर वारंवार तपासत राहावी, एवढेच.

पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, म्हणजे एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच, पूर्ण विरघळवावी. निम्मी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. केलेले द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, शौचावाटे रक्त पडले किंवा काहीच पोटात टिकेना, तर दवाखाना गाठावा.

दुसरा प्रसंग साखर उतरल्याचा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला उन्हात घाम फुटला, हात थरथरले, छाती धडधडू लागली, तर ते मीठ कमी झाल्याचे लक्षण असेलच असे नाही. अशा वेळी लिंबू-मीठ पाजत बसणे ही मोठी चूक ठरेल. यंत्र जवळ असल्यास साखर पाहावी आणि ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. माझ्या खिशात आता ग्लुकोजची छोटी पुडी आणि पिशवीत खाऱ्या पाण्याची बाटली, अशी दोन टोके एकत्र असतात.

कोणी स्वतःच्या मनाने करू नये

ज्यांना उच्च रक्तदाब, हृदय कमकुवत असल्याचे निदान, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे, ज्यांच्या पायांवर सूज येते आणि ज्या गर्भवतींचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांनी जादा मीठ डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये, घाम कितीही येवो. रक्तदाबासाठी ‘लघवीची गोळी’ घेणाऱ्यांचा प्रश्न नाजूक असतो, कारण त्या गोळीने मीठ बाहेर जात असते आणि उन्हाळ्यात ती कधी कधी कमी करावी लागते. हा निर्णय मार्च महिन्यातच डॉक्टरांना विचारून घ्यावा. जुलाब किंवा उलट्या चालू असताना मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यांची नावेही तेव्हाच चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. मिठाच्या गोळ्या कोणीही स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी पोट ढवळून निघते. पित्तावर घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पावडरीतही सोडाबायकार्बच्या रूपाने भरपूर सोडियम असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये.

उलट बाजूचेही काही लोक असतात. ज्यांना उभे राहताच चक्कर येते आणि त्यासाठी डॉक्टरांनी मीठ वाढवायला सांगितले आहे, किंवा ज्यांनी भात-भाकरी अगदीच कमी केली आहे, त्यांना घाम नसतानाही सोडियम कमी पडू शकते. पिष्ट कमी झाले की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे मीठ अधिक सोडू लागतात. अशांना ताक आणि सार हे दोन्ही बरे पडतात, पण किती ग्रॅम ते डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावरूनच चमच्यात मोजावे.

उपवास आणि रोजा यांच्या दिवसांत पहाटे किंवा सूर्यास्तानंतर साखरेचे सरबत एकदम घेण्याऐवजी ताक आणि सार घ्यावे आणि कष्टाचे काम उन्हाच्या आधी उरकावे. चैत्री एकादशीला पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनी खाऱ्या पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

कोणी उन्हात बरळू लागला, अंग चटक्यासारखे तापले, शुद्ध हरपली, तर तेथे पेयाचा विचारच करू नये. तो उष्माघात आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, तो श्वासनलिकेत जातो.

हे सगळे उन्हाळ्यापुरते आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला, पत्रे निवाले आणि संध्याकाळी सदरा कोरडाच घरी येऊ लागला की बाटलीतले मीठ त्याच दिवशी बंद करावे. ताक चालू ठेवावे, पण त्यात चवीपुरतेच मीठ घालावे. तो वेगळा काढलेला चमचा मात्र डब्यातच असू द्यावा, कारण सोलापुरात ऑक्टोबरचा उकाडाही काही कमी नसतो.